तीन चौथी गुणसूत्रं असलेली माशी: संततीचं प्रमाण आधी कागदावर, मग बाटलीत

तासगाव-मिरजेकडच्या शेतकऱ्यासमोर नुसतं ‘फळमाशी’ म्हणालात तर तो आंबा, पेरू, दोडक्याला डंख मारणाऱ्या किडीबद्दल बोलू लागेल आणि कामगंध सापळा लावायला सांगेल. ती बॅक्ट्रोसेरा. आपली माशी म्हणजे जास्त पिकलेल्या केळ्यावर किंवा सडक्या द्राक्षघडावर घोंगावणारं, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं, लाल डोळ्यांचं चिलट: ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. सातारा-सांगलीच्या कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकणाऱ्यांना तिच्या संततीची ३:१ आणि ९:३:३:१ ही मेंडेलची प्रमाणं तोंडपाठ असतात. पण ‘या मादीत चौथं गुणसूत्र एक जादा आहे, आता संतती सांगा’ म्हटलं की बरेच जण सरळ २:१ लिहून मोकळे होतात. ते का चुकतं, बरोबर उत्तर कसं काढायचं आणि बाटलीत ते पडताळताना काय बिघडतं, ते इथे क्रमाने पाहू.

कोणतं गुणसूत्र जादा चालतं

या माशीत गुणसूत्रांच्या चार जोड्या असतात. पहिली लिंगगुणसूत्रांची (एक्स आणि वाय), दुसरी व तिसरी मोठी, आणि चौथी इतकी लहान की सूक्ष्मदर्शकाखाली नुसता ठिपका दिसते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गुणसूत्राची अख्खी तिसरी प्रत आली तर माशी जगत नाही. चौथ्यावर जनुकं मोजकीच, म्हणून तिथे तीन प्रती चालतात: माशी जगते आणि पिल्लंही देते. लिंगगुणसूत्रांत एक्स-एक्स-वाय मादी आणि एक्स-वाय-वाय नर जगतात. नवख्याने चौथ्यापासून सुरुवात करावी, कारण हिशेब स्वच्छ येतो. चौथ्या गुणसूत्रावर नेहमीच्या परिस्थितीत जनुकविनिमय (जोडीतल्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल) होत नाही, त्यामुळे प्रत्येक प्रत अखंड एकक धरून चालता येतं.

खूण म्हणून ‘आयलेस’ हे अप्रभावी उत्परिवर्तन घ्यायचं, म्हणजे एकही सामान्य प्रत नसेल तेव्हाच दिसणारा जनुकातला बदल. ते चौथ्यावर आहे आणि १९१५ साली मिल्ड्रेड होगे यांनी त्याचं वर्णन केलं. नाव ‘बिनडोळ्यांचं’ असलं तरी डोळा बहुधा पूर्ण जात नाही, लहान होतो. पुढे त्रास देणारी गोष्ट हीच आहे, तिच्याकडे नंतर येऊ. इथे सामान्य जनुकाला ‘+’ आणि आयलेसला ‘आ’ लिहू.

आधी कागद: माश्या मोजू नका, युग्मकं (अंडी, शुक्राणू) मोजा

पहिला क्रॉस (नर-मादीचा संकर): तीनही प्रती सामान्य असलेली माशी (+ + +) आणि साधी आयलेस (आ आ). तीन प्रतींवाल्या माशीच्या निम्म्या युग्मकांत एक प्रत जाते, निम्म्यांत दोन. म्हणून पहिल्या पिढीत निम्म्या माश्या ‘+ आ’ आणि निम्म्या ‘+ + आ’. डोळे सगळ्यांचे चांगले. कोण कुठली हे पाहून कळत नाही. तीन प्रतींवाल्या माशीचा रंग किंचित गडद आणि पंख थोडे अरुंद असू शकतात, पण नवख्याने त्यावर विसंबू नये. ओळख पटते ती पुढच्या क्रॉसमध्ये.

दुसरा क्रॉस: ‘+ + आ’ मादी आणि ‘आ आ’ नर. इथेच २:१ ची चूक होते. विद्यार्थी विचार करतो: तीनपैकी दोन सामान्य, एक आयलेस, म्हणजे दोन-तृतीयांश पिल्लं चांगली. पण अंड्यात दर वेळी एकच प्रत जात नाही. तीन प्रतींना वेगळी नावं द्या: पहिली +, दुसरी +, तिसरी आ. विभाजनात दोन एकीकडे जातात आणि एक दुसरीकडे. असं तीनच प्रकारे होऊ शकतं:

पहिली व दुसरी एकीकडे, तिसरी एकटी: अंडी ‘+ +’ आणि ‘आ’.
पहिली व तिसरी एकीकडे, दुसरी एकटी: ‘+ आ’ आणि ‘+’.
दुसरी व तिसरी एकीकडे, पहिली एकटी: ‘+ आ’ आणि ‘+’.

बेरीज केली की सहा अंड्यांमागे ‘+ +’ एक, ‘+ आ’ दोन, ‘+’ दोन आणि ‘आ’ एक. नर फक्त ‘आ’ देतो, म्हणून अंड्यात जे असेल तेच पिल्लाच्या डोळ्यात दिसतं. सहापैकी एकाच अंड्यात + नाही. म्हणून प्रमाण ५:१.

पहिल्या पिढीतली ‘+ आ’ बहीण याच नराला लावली तर १:१ येतं. म्हणजे मादी तीन प्रतींची की दोन, हे तिची पिल्लं सांगतात. नवीन अप्रभावी उत्परिवर्तन चौथ्यावर आहे का, हेही याच पद्धतीने शोधतात. ५:१ आलं तर ते चौथ्यावर. तीन प्रतींवाल्या सगळ्या माद्यांकडून १:१ च आलं तर दुसरीकडे कुठेतरी.

हीच रीत वापरून बाकीचे क्रॉस स्वतः सोडवा आणि पडताळून पहा. ‘+ आ आ’ गुणिले ‘आ आ’ घेतलं तर अंडी ‘+ आ’ दोन, ‘आ आ’ एक, ‘+’ एक, ‘आ’ दोन, म्हणजे १:१. ‘+ + आ’ गुणिले ‘+ आ’ असेल तर एक-षष्ठांश गुणिले अर्धा, म्हणून ११:१. दोन्ही पालक ‘+ + आ’ असतील तर कागदावर ३५:१ येतं, पण ते प्रत्यक्षात दिसणार नाही. चार प्रतींचं पिल्लू बहुतेक जगत नाही. सहा प्रकारची अंडी आणि सहा प्रकारचे शुक्राणू यांचा तक्ता मांडला तर छत्तीसपैकी नऊ घरं तशी असतात आणि ती गळतात. उरलेल्या सत्तावीसमध्ये आयलेस एकच, म्हणून २६:१. परीक्षेत ३५:१ लिहायचं असेल तर ‘चार प्रतींची पिल्लं जगतात असं धरून’ हे शब्द सोबत हवेतच.

आता एक सापळा पहा. ५:१ देणाऱ्या क्रॉसमधल्या चांगल्या डोळ्यांच्या मुली तीन प्रकारच्या असतात: ‘+ + आ’ एक, ‘+ आ आ’ दोन आणि ‘+ आ’ दोन. त्यांचा आयलेस नराशी पुन्हा क्रॉस केला तर पहिलीच ५:१ देते. बाकी दोन्ही १:१ देतात, म्हणजे ‘+ आ आ’ ही तीन प्रतींची मादी साध्या ‘+ आ’ पासून ओळखू येत नाही. नराचा जनुकप्रकार बदलूनही उपयोग नाही, कारण दोघींच्याही निम्म्या अंड्यांत + नसतो. त्या पिढीत ‘१:१ म्हणजे दोन प्रती’ असा निकाल देऊ नका. तिथे अळीच्या मेंदूच्या पेशी ॲसिटो-ऑर्सिनने रंगवून तेलाच्या भिंगाखाली ठिपके मोजावे लागतात, किंवा चौथ्यावरची दुसरी एखादी खूण सोबत घ्यावी लागते.

माश्या कुठून आणायच्या

बागेतली चिलटं पकडून हे काम होत नाही. त्यात मेलॅनोगॅस्टरसोबत अनानासीसारख्या इतर जातीही असतात आणि आतमध्ये कोणते जनुक दडलेत ते माहीत नसतं. म्हैसूर विद्यापीठात ड्रोसोफिला स्टॉक सेंटर आहे, परदेशात इंडियानातलं ब्लूमिंग्टन केंद्र. साधे उत्परिवर्ती वाण देशातच मिळतात का ते आधी विचारा.

मागवताना एक गोष्ट तपासा. चौथी दोन गुणसूत्रं एकमेकांना कायमची जोडलेला ‘कंपाउंड फोर’ वाण असतो. त्याचा साध्या माशीशी क्रॉस केला की तीन प्रतींची माशी लगेच मिळते, पण तिच्यात ती जोडी सुटत नाही. युग्मकं दोनच प्रकारची होतात: जोडी किंवा सुटी प्रत. ५:१ तिथे कधीच येणार नाही. आपल्याला तिन्ही प्रती सुट्या हव्यात.

सुट्या तीन प्रतींचा वाण बाटलीत आपोआप टिकतही नाही. सगळ्या तीन प्रतींच्या माश्यांपासून सुरुवात केली आणि निवड न करता पिढ्या जाऊ दिल्या, तर चार प्रतींची पिल्लं मरतात हे धरून तीन प्रतींच्यांचा वाटा पुढच्या पिढीत २/३ होतो, मग १/२, मग २/५, मग १/३. चार पिढ्या म्हणजे २५ अंशाला दीड महिना. बाटलीवर चिठ्ठी तीच राहते आणि आतला वाण तिसऱ्या हिश्श्यावर आलेला असतो. त्यामुळे दर पिढीत एकेक मादी वेगळी लावून निवडावी लागते.

माध्यम

रवा-गूळ माध्यम आपल्याकडे सोयीचं आहे. सांगलीच्या गणपती पेठेत गूळ आणि रवा सहज मिळतो, फक्त अगार आणि प्रोपिऑनिक आम्ल प्रयोगशाळेच्या दुकानातून आणायचं. प्रमाण: पाणी १ लिटर, गूळ १०० ग्रॅम, बारीक रवा १०० ग्रॅम, अगार १० ग्रॅम, प्रोपिऑनिक आम्ल ७.५ मिलिलिटर. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्या, कारण त्यात काडीकचरा असतो. अगार टाकून उकळा. रवा थोड्या थंड पाण्यात कालवून मगच ओता. कोरडा टाकलात तर उपम्यासारख्या गुठळ्या होतात आणि अळ्यांना एकीकडे पातळ, एकीकडे दगड मिळतो. पळीवरून जाडसर ओघळेल इतकं शिजलं की उतरवा. आम्ल मात्र साधारण ६० अंशांपर्यंत निवल्यावर टाका. उकळत्यात टाकलं तर वाफेबरोबर उडून जातं आणि चार दिवसांत बुरशी दिसते.

व्हायलमध्ये (माश्या वाढवायच्या लहान बाटलीत) बोटभर उंचीचा थर ओतून त्यावर मलमलचं फडकं टाका आणि रात्रभर ठेवा. गरम असतानाच कापसाचा बोळा लावलात तर आत घाम सुटतो आणि माश्या काचेला चिकटून मरतात. साताऱ्याच्या पावसाळ्यात एका रात्रीत घाम जात नाही, दुसरा दिवस जाऊ द्या. वापरण्याआधी चिमूटभर बेकरीचं कोरडं यीस्ट भुरभुरा. पावसात कोळीवर्गातले बारीक किडे एका व्हायलमधून दुसरीत चालत जातात. व्हायलचे ट्रे साबणाच्या पाण्याच्या परातीत ठेवले की त्यांची वाट तुटते.

तापमान आणि दिवस

२५ अंशाला अंड्यापासून माशी व्हायला सुमारे १० दिवस लागतात. १८ अंशाला त्याच्या दुप्पट. ३० च्या आसपास नर वांझ होऊ लागतात, आणि सांगलीचा एप्रिल-मे म्हणजे खोलीतच त्याहून जास्त. इन्क्युबेटर नसेल तर थर्माकोलची पेटी, आत गोठवलेल्या पाण्याची बाटली आणि थर्मामीटर. बाटली सकाळ-संध्याकाळ बदला. वीज गेल्यावर बंद इन्क्युबेटरचं तापमान खोलीइतकं चढतं, म्हणून पेटी तयार ठेवाच. शक्य असेल त्यांनी हा प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावा. द्राक्षाचा हंगाम ऐन रंगात आला की बाहेरची चिलटं प्रत्येक उघड्या बोळ्यातून आत शिरू पाहतात.

क्रॉस लावणं

मादी ‘व्हर्जिन’ हवी, म्हणजे आधी कुठल्याही नराशी संबंध न आलेली. २५ अंशाला बाहेर आलेली मादी पहिले ८ तास नराला जवळ करत नाही. सकाळी ८ वाजता बाटलीतल्या सगळ्या माश्या काढून टाका आणि दुपारी तीनच्या आत नव्याने आलेल्या माद्या वेचा. नवजात माशी फिकट असते, पंख सुरकुतलेले असू शकतात आणि पोटात गडद ठिपका दिसतो. नराच्या पुढच्या पायावर काळा कंगवा असतो आणि पोटाचं टोक गोलसर, काळं. नवजात माशीत रंग पक्का झालेला नसतो, म्हणून कंगवा पहा. बेशुद्ध करायला ईथर वापरत असाल तर खोलीत ज्योत नको. पंख वर उभे राहिले तर ती माशी मेली.

पहिल्या क्रॉसला एका व्हायलमध्ये ४-५ माद्या, ३ नर. सातव्या दिवशी पालक काढून टाका. दुसऱ्या क्रॉसमध्ये मात्र प्रत्येक पहिल्या पिढीची मादी एकटी, सोबत २-३ आयलेस नर. अनेक माद्या एकत्र टाकल्यात तर ५:१ आणि १:१ मिसळून २:१ च्या आसपासचा आकडा मिळेल आणि मूळ चुकीचं उत्तर ‘सिद्ध’ झाल्यासारखं वाटेल. किती माद्या लावायच्या? प्रत्येक मादी तीन प्रतींची असण्याची शक्यता निम्मी. सात लावल्या तर एकही तशी न मिळण्याची शक्यता १२८ त १. काही व्हायल वाया जातात, म्हणून दहा लावा. मादी दर चार दिवसांनी नव्या व्हायलमध्ये हलवा.

दहाव्या दिवसापासून मोजा आणि अठराव्या दिवशी थांबा. त्यानंतर नातवंडं मिसळू लागतात.

आकड्यांवरून निकाल

चाळीस पिल्लांत १२ किंवा कमी आयलेस असतील तर मादी तीन प्रतींची धरा, १५ किंवा जास्त असतील तर दोन प्रतींची. मधले आले तर आणखी पिल्लं मोजा. प्रमाण ५:१ ला किती जुळतं हे तपासायला काय-वर्ग ही चाचणी वापरा: फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित आकडा, आणि त्यांची बेरीज. समजा १२० पिल्लांत १०६ चांगली आणि १४ आयलेस. अपेक्षा १०० आणि २०. सहाचा वर्ग ३६. ३६ भागिले १०० म्हणजे ०.३६, ३६ भागिले २० म्हणजे १.८, बेरीज २.१६. मर्यादा ३.८४, तिच्या आत आहे, म्हणजे ५:१ ला जुळतं. हेच आकडे १:१ शी ताडले तर बेरीज ७० च्या वर जाते.

आयलेस अपेक्षेपेक्षा कमी आले तर आधी खूण तपासा. जुन्या आयलेस वाणांत डोळा मोठा करणारे इतर जनुक साठत जातात आणि काही ‘आ आ’ माश्यांचे डोळे जवळजवळ सामान्य दिसतात. म्हणून सोबत ‘+ आ’ गुणिले ‘आ आ’ चा साधा क्रॉस लावाच. तो १:१ ऐवजी ६०:४० आला तर पाचपैकी एक आयलेस तुमच्या नजरेतून सुटतेय. मग तीन प्रतींच्या मादीकडून ५:१ नाही, ६.५:१ अपेक्षित. अशा वाणात वरची १२-१५ ची मर्यादा चालणार नाही. ऐंशीच्या पुढे मोजा, आणि दोन्ही डोळे पहा, एकच लहान असू शकतो.

एखाद्या व्हायलमध्ये ३:१ किंवा ११:१ आलं तर मादी व्हर्जिन नव्हती, भावाशीच तिचा संबंध आला होता. ती व्हायल फेकून द्या. बाकी सगळं ठीक असूनही प्रमाण सातत्याने एका बाजूला झुकत असेल तर दोष तुमचा असेलच असं नाही. तीन प्रतींच्या मादीत वेगवेगळ्या वाणांतली चौथी गुणसूत्रं नेहमी समान संधीने वेगळी होत नाहीत, हे आनुवंशशास्त्रज्ञ स्टर्टिव्हंटने १९३६ मध्येच दाखवलं होतं.

एक्स-एक्स-वाय: दुसरा हिशेब

पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर. पांढऱ्या डोळ्याचं अप्रभावी जनुक एक्सवर असतं. नियमाने मुली लाल, मुलगे पांढरे. सुमारे दोन हजारांत एखादं पिल्लू उलटं निघतं: पांढरी मुलगी किंवा लाल मुलगा. आनुवंशशास्त्रज्ञ कॅल्विन ब्रिजेसने याचा उलगडा १९१६ साली ‘जेनेटिक्स’ या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात केला. आईचे दोन्ही एक्स एकाच अंड्यात गेले. त्या अंड्याला वाय मिळाला तर एक्स-एक्स-वाय, म्हणजे पांढरी मुलगी. एक्स नसलेल्या अंड्याला बापाचा एक्स मिळाला तर एकटा एक्स, म्हणजे लाल पण वांझ मुलगा. माणसात वाय असला की पुरुष. माशीत एक्सची संख्या ठरवते, वाय फक्त नराच्या प्रजननक्षमतेला लागतो. परीक्षेत ‘एक्स-एक्स-वाय माशी नर’ लिहिणारे इथे घसरतात.

आता ती पांढरी एक्स-एक्स-वाय मुलगी पुन्हा लाल नराला लावा. इथे तीन गुणसूत्रं समान संधीने वाटली जात नाहीत. ८४ टक्के वेळा दोन एक्स एकमेकांपासून वेगळे होतात आणि वाय कुणाच्याही बरोबर जातो. फक्त १६ टक्के वेळा एक्स आणि वायची जोडी जमते आणि उरलेला एक्स कुठेही जातो. म्हणून अंडी: एक्स ४६, एक्स-वाय ४६, एक्स-एक्स ४ आणि नुसता वाय ४ टक्के. बापाच्या एक्सशी मिळून: ९२ लाल मुली, ४ लाल मुलगे, आणि तीन एक्सच्या ४ बहुतेक मरतात. वायशी मिळून: ९२ पांढरे मुलगे, ४ पांढऱ्या मुली, आणि ४ एक्स नसल्याने मरतात. जगलेल्या १९२ त उलटी ८, म्हणजे चार टक्क्यांच्या किंचित वर. यातले लाल मुलगे वांझ नसतात, त्यांना आईकडून वाय मिळालेला असतो.

व्हायलमध्ये पांढरी मुलगी दिसली की हुरळून जाऊ नका. आई व्हर्जिन नसेल आणि स्टॉकच्या बाटलीतच पांढऱ्या नराशी तिचा संबंध आला असेल तर तिच्या मुली पांढऱ्याच निघतात. फरक असा: खऱ्या गुणसूत्र-चुकीत लाल मुलगेही साधारण तेवढेच दिसतात, तर व्हर्जिन नसलेल्या मादीच्या व्हायलमध्ये फक्त पांढऱ्या मुली वाढतात, लाल मुलगा एकही नाही. आणि नुसता लाल मुलगाच सापडला तर आधी बोळा पहा, खिडकीतून आलेलं चिलटही लाल डोळ्यांचंच असतं.